साठ टक्के पगार, शंभर टक्के आराम

३ ऑगस्ट
लिहायचं लिहायचं म्हणत महिना ढकलला. हात मोडला म्हणून जमलं नाही, असं लिहिणार होतो. पण मोडलाय उजवा आणि मी लिहितो डाव्याने. दुसरं कारण सुचेपर्यंत थांबलो, एवढंच.

तर बातमी. जुलैच्या सुरुवातीला गोडाऊनमध्ये खोक्यांची थप्पी अंगावर आली. मनगट गेलं. आई रडली. मीही रडणार होतो, पण एचआरवाल्या बाईंनी सांगितलं, कंपनीने सगळ्यांचा डिसॅबिलिटी इन्शुरन्स काढलाय. आपलं नेहमीचं काम करता येत नसेल तर साठ टक्के पगार. दर महिन्याला. दोन वर्षांपर्यंत. घरबसल्या! इतके दिवस मी उगाच धडधाकट फिरत होतो.

५ ऑगस्ट, दुपार
पॉलिसी वाचायला घेतली. पहिल्याच पानावर वेटिंग पिरियड. म्हणजे दुखापतीनंतर तीन महिने काही मिळत नाही, नुसतं थांबायचं. थांबण्यात माझा हात कोण धरणार? तसाही प्लास्टरमध्ये आहे. पुढची पानं उद्या.

१९ ऑगस्ट
पुढची पानं राहिली. पण प्लॅन पक्का. पैसे सुरू झाले की हिमाचलात, स्पितीला. दोस्त विकीची बाईक, मी मागे. काळूराममामाला सांगून टाकलं, तुमच्या मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात मी येणार नाही. मामा म्हणाला, तुला बोलावलंय कोनी?

२ सप्टेंबर
प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, रोज फिजिओथेरपी कर, नाहीतर मनगट आखडेल. इन्शुरन्सच्या संजना मॅडमही फोनवर तेच. उपचार चालू पाहिजेत, डॉक्टरचा कागद पाहिजे, नाहीतर क्लेम अडकेल. उद्यापासून रोज फुलपाड्याच्या सेंटरला. शपथ.

३ सप्टेंबर
निघालो होतो. वाटेत विकी. त्याला चांदीपला आत्याकडे जायचं होतं, मीही गेलो. बांधावरून चालणं हाही व्यायामच.

७ सप्टेंबर
आज मात्र गेलो. बंद. रविवार निघाला. माझ्या बाजूने प्रयत्न झाला.

२६ सप्टेंबर
दिवाळीच्या रांगोळी प्रदर्शनाची गडबड. आमच्या जूचंद्रात पोरं चालायच्या आधी चिमटीत रांगोळी धरतात. मीही अंगणात बसलो. आईचा चेहरा काढतोय. नाक जमत नाही. क्लेम उजव्या हाताचा, रांगोळी डाव्याची. कायद्याने दोघांचा काही संबंध नाही.

६ ऑक्टोबर
थांबणं संपलं! डॉक्टरने लिहून दिलं, अजून वजन उचलता येत नाही. वर सुनावलं, व्यायाम केला असतास तर एव्हाना उचललं असतंस. हे मी फायद्यात धरतो. कंपनीचा कागद मॅनेजर मर्विन सर भरणार. सरांनी आजवर माझ्याकडे मान वर करून बघितलेलं नाही, तेव्हा आडवं येणार नाहीत.

१० ऑक्टोबर
संजना मॅडमचा फोन आला, मी अंघोळीला. आईने घेतला. काय बोललीस विचारलं, तर म्हणे, खरं तेच. हात कसा हाय विचारत होती बाय. मी बोलले, आता झकास बसलाय, दिसभर अंगनात काम करतंय पोर.

तसाच ओल्या अंगाने खाली बसलो. मग शांतपणे विचार केला. आवाज बसला म्हणजे आवाज गेला. तसाच हात बसला म्हणजे हात गेला. आईने नकळत क्लेम मजबूत केला. 'झकास' तेवढं मॅडमना ऐकू गेलं नसेल. आमच्याकडे रेंज नसते.

१३ ऑक्टोबर
मॅडमचा परत फोन. गोड बोलतात. अंगणात कसलं काम करता? म्हटलं, रांगोळी. किती वेळ बसता? म्हटलं, सलग पाच-सहा तास, मॅडम, जागचा हलत नाही! कौतुकाने टाईप करत होत्या, कीबोर्ड ऐकू येत होता. मग म्हणाल्या, बसून करायचं हलकं काम आहे का, कंपनीला विचारते, तसं असेल तर पॉलिसीप्रमाणे... एवढ्यात मला आठवलं आणि मी त्यांना प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं. विकीला स्लीपिंग बॅगा बघायला सांगितल्या.

१५ ऑक्टोबर, सकाळ
नाक जमलं! आई म्हणते, माझं एवढं मोठं नाय. पण शेजारच्या सगळ्यांनी लगेच ओळखलं.

संजना मॅडमचा मेसेज. कंपनीकडे गेटवर बसून करायचं काम आहे, पगार पूर्ण, म्हणून लाभ लागू होत नाही. पुढे म्हणे, अभिनंदन.

घाबरण्यासारखं काही नाही. मेसेज मी बघितलाच नाही. फोन बंद. परवा थोडा ताप येईल, दिवाळीनंतर कंबर धरेल. शेवटी कंपनीला माझी एवढी काय पडलीय? घरी येऊन थोडंच कोणी उचलून नेणार!

तासाभराने
मर्विन सर आलेत. स्वतः. रांगोळीला वळसा घालून. दिवाळीचा माल तुंबलाय, म्हणतात, गाडी बाहेर चालूच ठेवलीय. आईने त्यांना चहा दिला आणि माझा डबा भरायला घेतलाय.