न पेटलेली रम

प्रिय छोटीस,

अनेक आशीर्वाद. माझा गुडघा बरा आहे, काळजी नको. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना?

एक गोष्ट फक्त तुलाच सांगते. शनिवारी जावयाने ऑफिसातल्या लोकांना पहिल्यांदाच घरी बोलावलं होतं. या गावात त्याला अजून मित्र नाहीत. तीन प्रकारच्या रम घालून एक जहाल कॉकटेल करायचं ठरलं. त्यासाठी त्याने बदाम वाटून सरबत केलं, लाटण्याने बर्फ फोडला. सगळ्यात कडक रम लिंबाच्या सालीच्या वाटीत ओतून ग्लासवर पेटवायची होती.

दुपारी मी त्या बाटलीतली अर्धी रम मोरीत ओतली आणि पाणी भरलं. आई बाबांच्या बाटलीत भरायची, तसंच.

संध्याकाळी त्याने काडीवर काडी ओढली. पेटेना. "अग्निशामक दल बोलवू का?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. त्याने बाटलीचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दुकानदाराने फसवलं."

छोटे, हा मुलगा महिन्यातून एखादा ग्लास घेतो. तो म्हणजे बाबा नव्हे, एवढं मला ओतण्याआधी कळायला हवं होतं.

काल त्याने नवी बाटली माझ्याच कपाटात आणून ठेवली. "आई, ही तुमच्याकडे राहू दे. लागली तर मागेन." आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं.

"पुन्हा बोलाव सगळ्यांना," मी म्हटलं.

"बघू," म्हणाला.

जपून राहा.

तुझी,
ताई