आपल्या भिंतीवरचा फोन नंबर

आई, आज ऑफिसात एक फॉर्म आला. बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीविरुद्ध सरकारने शहरभर भिंतींवर घोषणा रंगवल्या, त्यांचा लोकांवर काय परिणाम झाला ते लिहायचं होतं. तो बाजूला सारून तुला लिहायला बसले आहे. मराठीत लिहावं असं आता कुणी उरलं नाही. तुझा नातूसुद्धा मराठीत हाक मारली की "हाँ मम्मी" म्हणतो.

झाशीत दतिया गेटजवळच्या आपल्या घराची भिंत अगदी रस्त्यावर होती. मी शाळेत असतानाची गोष्ट. रंगाचे डबे घेऊन आलेला पेंटर बाबांना विचारतो, "बाबूजी, सरकारी काम है, लिख दें?" बाबा मोठ्या मनाने म्हणतात, "लिखो भैया, अच्छी बात है," आणि वर त्याला चहाही सांगतात. तू कप डाव्या हाताने आणतेस, कारण उजवं मनगट आदल्याच दिवशी त्यांनी पिरगाळलेलं. दुपारपर्यंत भिंतीवर निळी अक्षरं उमटतात, 'घर में मारपीट अपराध है, चुप न रहें', आणि खाली फोन नंबर. मोहल्ल्यात बाबांचं कोण कौतुक झालं! मला किळस आली होती, अजून येते. मी हळूच विचारलं, "आई, लावू का फोन?" मटारच्या शेंगा सोलताना तू मानही वर केली नाहीस. "अगं, ते इथल्या लोकांसाठी आहे. आपल्यात नसतं तसं." पाच-सहा पिढ्या झाशीत काढूनही आपण म्हणे इथले नव्हतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सीपरी बाजारातल्या पीसीओवर गेले. नंबर पाठ होता. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "हाँ बिटिया, बोलो, घबराओ मत." दिवसभर हिंदीत बडबडणारी मी, पण तिथे तोंड उघडेना. घरातलं सगळं मराठीतच घडायचं. ते हिंदीत सांगणं म्हणजे तुला बाजारात उभं करणं, असं वाटलं. त्यानंतर बाबा असेपर्यंत, कितीतरी वर्षं, तू मार खाल्लास.

फॉर्ममधला तो रकाना अजून कोराच आहे. परिणाम झाला होता, आई. एका मुलीने फोन लावला होता, पलीकडे तो उचललाही गेला होता. तू होतीस तोवर हे सांगायचा धीर झाला नाही, आणि हा कागदही माझ्या कपाटातच राहील. फोन मी ठेवला.