कोकिळेला कोणी विचारलं?

१६ एप्रिल १९६१

रशियाचा माणूस आभाळात जाऊन पृथ्वीला फेरी मारून आला! पेपर शिळा, पण बातमी केवढी! ओट्यावर जाऊबाईला, दगूबाईला, मोठ्यानं वाचून दाखवली. चुनीलाल भाऊजी हसले. "कोनी देखं?" म्हणे. त्यांनी स्वतः पाहिलं नाही ते झालेलंच नाही! नवापूरच्या पुढे ते गेले नाहीत, म्हणून जग नवापूरला संपतं.

मला उत्तर देता येत नाही. जेठापुढे, थोरल्या दिरापुढे, तोंड उघडायचं नसतं. मी दगूबाईला सांगते, ती नवऱ्याला सांगते. तिघंही एकाच ओट्यावर, हाताच्या अंतरावर! आज दगूबाईनं माझं अर्धं उत्तर गिळलं. बरं केलं. जरा कडू होतं.

१९ एप्रिल

प्रकाशा गावाहून निरोप आला. प्रेमचंद नावाचा बिजवर आहे, केळीची शेती, माणूस निर्व्यसनी. आमच्या विधवा सुनेला, कोकिळेला, पाटाची मागणी — दुसऱ्या लग्नाची. भाऊजी कडाडले, "आपला घरमा आजवर पाट लागना नही!" दगूबाई म्हणाली, "अहो, पोरगी ल्हान शे." "मन्हा अनुभव शे!" झालं. अनुभव पाटाचा नाही बरं, पाट न लावण्याचा.

मी पदराआड मान डोलावली. आणि चमकले — भाऊजींचं आणि माझं एकमत! घरात येऊन तोंड धुतलं.

२० एप्रिल

विधवेनं कसं राहावं ते मला कोणी शिकवू नये.

२७ एप्रिल

हे गेले तेव्हा रतिलाल पाळण्यात होता. पुढे त्याच्याच अंकलिपीतून मी अक्षरं शिकले. वाचनानं मला तारलं. आता रतिलालही नाही. त्याच्या बायकोला तेच तारेल, म्हणून सुनेला रोज दुपारी शिकवायला बसवते. ती 'ग'पाशी जांभई देते. मी नेट लावते. औषध गोड कुठे असतं?

तिनं दुसरं घर केलं की रतिलाल पुसलाच. या घरात त्याची आठवण असणाऱ्या आम्ही दोघीच.

३ मे

बांगड्यावाली सकीना आली. कोकिळा आत निघून गेली — मोकळे हात कुठे लपवणार? सकीनाचा हा दुसरा निका. मी टोचून विचारलं, "काय गं, पहिल्याला विसरलीस का?" ती हसत सुटली. "अगं बाई, बरसीला कबरीवर आताचा नवरा नजीरच घेऊन जातो मला. म्हणतो, चल, तेरे पहिलेवाले का दिन है! फुलं पण तोच आणतो. आणि भाव करतो मेला, माझ्यापेक्षा जास्त!"

असं घडू शकतं? मी एवढं वाचलं, हे कुठेच नव्हतं. की असेल, आणि पान उलटलं असेल? स्वतः पाहिलं नाही ते नाहीच! मग माझं नवापूर कुठलं?

सकीना गेल्यावर चिडचिड झाली. डाळ करपली.

४ मे

आज जेठाशी बोलले. सरळ! दगूबाईच्या हातातलं सूप खाली पडलं, ओटाभर ज्वारी.

"भाऊजी, कोकिळेला कोणी विचारलं?"

ते दगूबाईकडे बघून म्हणाले, "तिले सांग, इचारानं काय त्यामा? माले मालूम शे."

"मलाही माहीत होतं. म्हणून तर मीही विचारलं नाही."

ते जोडे शोधायला लागले. जोडे पायातच होते.

५ मे

विचारलं.

कोकिळेनं पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "माले जानं शे, आत्याबाई. पन मी गयी ते तुम्हनापाशी रतिलालनं नाव कोन काढी?"

नवऱ्याचं नाव तिनं पहिल्यांदा घेतलं. आणि मी समजत होते, मी तिला सांभाळतेय!