बाईंच्या चार ओळी

५ जानेवारी, रविवार

कुकरची रिंग गेली. हे वाक्य मी शांतपणे लिहितोय, पण इतिहासात याची नोंद व्हायला हवी. ला पाझच्या उंचीवर, जिथे पाणी नुसतं उकळल्याचं नाटक करतं, तिथे कुकरवाचून माणूस म्हणजे चण्यांपुढे निःशस्त्र माणूस. सकाळी शिजायला टाकले. दुपारी तसेच — ताठ, अढळ, मंत्रालयातल्या एखाद्या सचिवासारखे. दुकानदार म्हणतो, या कुकरची रिंग आता येत नाही. मग काय येतं? म्हणे, नवा कुकर येतो. या देशाचं सगळं राजकारण त्या एका उत्तरात आहे.

शेवटी कोरडा पाव खाऊन कादंबरीकार डोन्या अल्सिरा, म्हणजे आमच्या बाई, यांच्याकडे गेलो.

त्यांनी होकार दिला!! (हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. पण चणे खरोखरच कच्चे होते.)

लघुपट नऊ मिनिटांचा. आलासितासच्या, म्हणजे इवल्या वस्तूंच्या जत्रेत प्लास्टरचं एक इवलंसं घर या हातातून त्या हातात जातं. चोवीस तारखेला, भर दुपारी बाराला, सगळं शहर आपापल्या इच्छेचं खेळणं उंच धरून धूप घेतं, तेव्हा तेही उचललं जातं. संपलं. त्या शेवटच्या दृश्यावर बाईंच्या चार ओळी, बाईंच्याच आवाजात.

विसाव्या वर्षी त्यांची पहिली कादंबरी वाचली. तेव्हापासून मी जे काही लिहिलं — वर्तमानपत्रातली टवाळीसुद्धा — ते त्यांच्या वाक्यांची नक्कल आहे. वाईट नक्कल, म्हणून लोक तिला विनोद म्हणतात.

नवरा गेल्यापासून बाईंनी एक ओळ लिहिलेली नाही. त्याला बारा वर्षं झाली. मी म्हटलं, चारच ओळी हव्यात, बाई, जास्त नको. साफ खोटं. बाईंनी पुन्हा लिहायला लागावं, एवढंच मला हवंय. लघुपट हे निमित्त. हे कुणाला कळलं तर निर्माता पळून जाईल. सुदैवाने निर्माता मीच आहे.

९ जानेवारी, गुरुवार

बाई केबल कारने आल्या. हात रिकामे. एक ओळ सुचली होती, वर असताना बरी वाटली, खाली उतरेपर्यंत तिच्यातली हवा गेली, म्हणाल्या. आमचा कॅमेरावाला ग्रोव्हर म्हणाला, मग वरच बसून राहा की बाई, तिकिटं आम्ही काढतो.

बाई पोट धरून हसल्या. मी हसलो नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

चित्रीकरण सुरू! अजून निम्मे तंबू उभारायचेत, पण माल आलाय: अंगठ्याएवढी तांदळाची पोती, आगपेटीत मावतील अशा मोटारी, लग्नाचे दाखले, घटस्फोटाचे दाखले — शेजारी शेजारी, गिऱ्हाइकाची सोय म्हणून.

घर विकत घेणारी बाई म्हणजे आमच्या ध्वनीवाल्या नायराची मावशी, एउफ्रोनिया. पहिल्याच दृश्यात तिने विक्रेत्याशी खरीखुरी घासाघीस सुरू केली आणि थांबेना. विक्रेताही ऐकेना. ग्रोव्हरने सगळं टिपलं. मी ‘कट’ म्हणालो ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

डोन्या अल्सिरा स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि दिवसभर ग्रोव्हरला चिकटून बसल्या. हे बटण कशाचं, हे गोल फिरवलं की काय होतं, हा तिपाईवर वळतो कसा. सत्त्याहत्तराव्या वर्षी! ओळींचं विचारलं, तर म्हणाल्या, आधी बघू तर दे.

१७ जानेवारी, शुक्रवार

ओळी नाहीत. गारा पडल्या. तंबूत आपी, मक्याचं गरम जांभळं पेय, पीत बसलो. बाईंनी ग्रोव्हरला चौथ्यांदा फोकस विचारला.

२१ जानेवारी, मंगळवार

आज धीर केला. त्यांच्याच स्वयंपाकघरात, पाव आणि कॉफी समोर. म्हटलं, बाई, जमत नसेल तर सांगा, मी रागावणार नाही. (रागावलो असतो.)

त्यांनी पावाचा चुरा बोटाने गोळा केला. मग म्हणाल्या, "बसते रे मी. रोज बसते. एक पान होतंसुद्धा कधी. मग वाटतं, आता हे वाचून कुणाला दाखवायचं? तो इथे बटाटे सोलत ऐकायचा. आवडलं नाही की जाड सालं काढायचा. इतकंच आहे ते. त्याला आजारपण म्हणू नकोस."

मी बावळटासारखा म्हणालो, मी ऐकेन.

"तू ऐकतोस कुठे, रोमुलो? तू पाया पडतोस."

घरी चालत आलो. सबंध चढ.

२४ जानेवारी, शुक्रवार

काय लिहू. क्रमानेच लिहितो.

बाराचं दृश्य वर्षातून एकदाच होतं. कॅथेड्रलच्या घंटा आमच्यासाठी पुन्हा वाजणार नाहीत. म्हणून सकाळपासून सगळ्यांना दम दिला होता: घंटा झाली की कुणीही जागचं हलायचं नाही. ग्रोव्हरने आईची शपथ घेतली. नायराने कानांवर हेडफोन चढवले. मावशी खडूच्या खुणेवर, हातात घर. बाई खुर्चीत, कॅमेऱ्याशेजारी.

साडेअकराला मी पाणी आणायला गेलो. वाटेत एक छपाईवाला इवल्या पदव्या आणि इवली वर्तमानपत्रं छापून देत होता. त्याच्याकडून मी एक पुस्तक करून घेतलं. काडेपेटीएवढं. वर नाव: अल्सिरा तिकोना, नवी कादंबरी. आत कोरं. का केलं, मला विचारू नये. दुसऱ्यासाठी घेतलेली वस्तू जास्त फळते म्हणतात. माझा विश्वास नाही. पण अर्धवट अविश्वास काय कामाचा, नियम नीट पाळूनच अविश्वास ठेवावा.

बारा. घंटा. मी म्हणालो, ॲक्शन.

आणि ग्रोव्हर पळाला! चालू कॅमेरा सोडून, खिशातून पत्र्याची जीप काढत, सरळ धुपाच्या दिशेने. त्याच्यामागे नायरा, कानांवर हेडफोन, मागे वायर फरफटतेय, हातात पदवीचा कागद. मावशीने चित्रपटाचं घर अलगद खाली ठेवलं, पिशवीतून स्वतःचं तिमजली घर काढलं आणि लोकांना ढकलत निघाली. मी ओरडलो. कुणीही मागे वळून बघितलं नाही.

मग मीही धावलो.

कोपरं मारली. एका म्हातारबाबांना ओलांडलं. धूप देणाऱ्या पुजाऱ्यापुढे, यातिरीपुढे, पोहोचलो तेव्हा डोळ्यांत धूर, केसांत पिवळ्या पाकळ्या, दारूचा शिंतोडा थेट नाकात, आणि दोन्ही हातांनी ते पुस्तक उंच धरलेलं. पन्नाशीचा माणूस. आयुष्यभर ज्या गोष्टीची टिंगल करून पोट भरलं तिथेच!

परतलो. आम्ही चौघेही एकमेकांकडे न बघता उभे. वर्षाचं दृश्य गेलं होतं. ग्रोव्हर खाली मान घालून म्हणाला, "साहेब, गाडीचा प्रश्न होता." त्याला मी काय बोलणार? माझ्या कॉलरवर पाकळ्या होत्या.

खुर्ची रिकामी होती. बाई कॅमेऱ्यामागे उभ्या.

"हे चालूच होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पळालात तिकडे वळवलं. चुकलं का?"

२७ जानेवारी, सोमवार

नायराकडे बसून बघितलं. चित्र तिरकं. मध्येच बाईंचा अंगठा. फोकस जातो, येतो, पुन्हा जातो. आणि मी आजवर टिपलेल्या कुठल्याही दृश्याहून सुंदर! घर जमिनीवर एकटं, आणि पलीकडे तीन शहाणी माणसं पोरांसारखी धावताहेत. मावशी आम्हा सगळ्यांच्या पुढे. आम्ही इतके हसलो की शेजारीण बघायला आली.

मग चौथा मी. फोकस नेमका तेव्हाच आला. नायराने चित्र थांबवलं, मोठं केलं. माझ्या हातातलं पुस्तक, त्यावरचं नाव, स्वच्छ.

हसणं बंद. ग्रोव्हरला अचानक छताबद्दल फार आस्था वाटायला लागली.

"दाखव," बाई म्हणाल्या.

खिशातच होतं. तीन दिवस द्यायचा धीर झाला नव्हता. दिलं. त्यांनी नखाने एकेक पान उलटलं.

"कोरं आहे."

"तेवढं तुम्ही बघायचं," मी म्हणालो. पाया पडल्यासारखं नाही म्हणालो. निदान प्रयत्न केला.

त्यांनी ते पर्समध्ये टाकलं आणि नायराला विचारलं, पाव उरलाय का.

३१ जानेवारी, शुक्रवार

लघुपट झाला. शेवटी बाईंचं दृश्य, अंगठ्यासकट. ओळी नाहीत. बाई म्हणाल्या, इथे बोलणं म्हणजे हसणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं. खरंय. निर्माता खूश. मी नाही.

कॅमेरा म्हणून दोन नावं जाणार. ग्रोव्हर हटून बसलाय, बाईंचं आधी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी बाईंचा फोन. "संध्याकाळी ये. अकरा पानं झालीत, वाचून दाखवायचीत. येताना बटाटे आण, सोलायचे तुलाच आहेत. आणि आधीच सांगते — नायक पन्नाशीचा, खवचट, कशावर विश्वास नसलेला. भर जत्रेत कोपरं मारत धावतो. फार हास्यास्पद झालाय."

बटाटे घेतले. वाटेत मावशीकडे थांबलो. तिच्या कोनाड्यात प्लास्टरचा एकेको असतो — मिशाळ, बुटका, अंगभर पोती लटकवलेला, त्या जत्रेचा धनी. काम झालं की त्याला सिगारेट द्यायची असते; विझू न देता ओढली, तर तो प्रसन्न. मावशीने काडेपेटी पुढे केली. मी सिगारेट त्याच्या तोंडात ठेवली, पेटवली आणि पिशवी धरून उभा राहिलो.

त्याने ती शेवटपर्यंत ओढली.