सैल न झालेले बूट

आई, शेवटी मी पुरुषांचे बूट घेतले. काळे, जाडजूड, पुढून बेडकाच्या तोंडासारखे रुंद. तू असतीस तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "शी! हे घालून तू लोकांमदीं वतलीस?" जाते. आठवडाभर तेच घालून खाणीवर जाते आहे, आणि रविवारी त्याच बुटांनी चोर्ल्याचा डोंगर चढून उतरले. डिचोलीकडच्या बंद पडलेल्या खाणींच्या खड्ड्यांत किती पाणी साचलं ते मोजायचं माझं काम. तू गेल्यावर लागलं, म्हणून तुला ठाऊक नाही. दिवसभर निसरड्या तांबड्या मातीत वर-खाली करायचं, आणि सुट्टी मिळाली की पुन्हा डोंगर. दोन्हींना मिळून एकच जोड हवा होता. माझ्या पायांना एक मिळता मिळत नाही, दोन कुठून आणू?

माझं माप तू हिराने घ्यायचीस. झाडूतला एक हीर ओढायचा, मला पायरीवर उभं करायचं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरून तो मोडायचा आणि रुमालात गुंडाळून शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला न्यायचा. मला नेण्यापेक्षा हीर नेणं सोपं; तो बसमध्ये ओकत नाही आणि भजी मागत नाही. पण हिराला फक्त लांबी कळते. म्हणून माझे सगळे बूट लांबीला अचूक आणि रुंदीला चिमटा. संध्याकाळी तू परत येतेस, स्वयंपाकघरात पिशवी उपडी करतेस, चुलीपुढे बसून माझा पाय त्या बुटात कोंबतेस, आणि तो जात नाही म्हटल्यावर चिडतेस, "हे कसले गो पाय? चलयेचे काय रेड्याचे?" पोरीचे पाय रेड्याचे म्हटल्यावर मी रडायला लागते. मग लगेच तुझा आवाज मऊ होतो. "रडूं नाका. वापरतां वापरतां सैल जातले." शाळेत जाईपर्यंत करंगळीचं कातडं सोललेलं असायचं आणि मोजा त्याला चिकटलेला. तो ओढून काढतानाचा चर्र आवाज आठवला की आजही अंगावर काटा येतो.

ते तुझं एक वाक्य मला पायांच्या जखमांपेक्षा जास्त लागलं. घट्ट ब्लाउजला तेच, दमट खोलीला तेच, आणि माझ्या पेडण्याच्या सासरलाही तेच. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा मी तुला सगळं सांगितलं होतं. मला नोकरी सोडायला लावली, दारात उभी राहिले तरी कुठे बघतेस म्हणून विचारतात, आणि नवरा पानावरून मान वर करत नाही. तू पेज वाढत होतीस. पळी न थांबवता म्हणालीस, "दीस वचूं दी गो. सैल जातलें सगळें." दिवस गेले, पण काही सैल झालं नाही, आई. ती माणसं होती तशीच राहिली, मी तेवढी झिजले. एक दिवस पिशवी उचलून निघून आले तर तू माझ्याशी धड बोलेनास. शेजारणीला सांगितलंस की पोर आजारी आहे, हवापालटाला आलीय. आपलं मये गाव काय महाबळेश्वर आहे? त्या खोटेपणाची मला तेव्हा शिसारी आली आणि अजून येते.

आता बुटांचं ऐक. खाणीवर पुढे पोलादी टोपी असलेले बूट सक्तीचे आहेत, वरून दगड पडला तर बोटं वाचावीत म्हणून. ऑफिसने दिलेले इतके अरुंद की बोटं एकमेकांवर चढली. साहेबांना सांगितलं तर ते हसत म्हणाले, "वापरल्यार सैल जातले." पोलाद, आई! पोलाद वापरून सैल होतं? पावसाळा संपेपर्यंत अंगठ्याचं नख काळं पडलं, मग खालून पिवळा पू आला. मोज्याला असा वास यायचा की मी तो पिशवीत बांधून बाहेर ठेवायची. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर उन्हातान्हातलं काम बंद. साहेबांनी लगेच टेबल दाखवलं, "बायलमनशाक ऑफिसांतच बरें." म्हणजे बाईमाणसाला पुन्हा चार भिंती, आणि खिडकीशी उभं राहिलं की कुठे बघता म्हणून कुणीतरी विचारणार. ते मला जमणार नव्हतं.

म्हणून बूट शोधायला निघाले. संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय फुगलेला असतो आणि तोच त्याचा खरा आकार. घरी वर्तमानपत्रावर उभी राहून दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली, कागद कापून बरोबर घेतले. म्हापशाच्या दुकानात बायकांच्या कप्प्यात गुलाबी नाड्यांची, निमुळत्या तोंडाची खेळणी मांडलेली. माझा कागद विक्रेत्याने दोन बोटांत धरला, उंदीर उचलावा तसा. म्हणाला, "मॅडम, वापरल्यार सैल जातले." मी विचारलं, "बूट सैल जातले काय म्हजो पाय बारीक जातलो? पयलें तें सांग." तिथून उठले आणि डिचोलीत खाणकामगारांचं सामान विकणाऱ्याकडे गेले. तिथे प्रत्येक बुटाच्या आतला तळ बाहेर काढला आणि त्यावर उभी राहिले. करंगळी बाहेर लोंबली की बूट परत. बूट घालून चालताना टाच उचलली की परत. पुढे पोलादाऐवजी खाणीवर चालणारी, तितकीच पक्की फायबरची टोपी असलेला पुरुषांचा रुंद जोड निघाला, तळ शेवाळावर धरून ठेवणारा. त्यात माझी दहाही बोटं वेगवेगळी राहिली. दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगितलं की टेबल दुसऱ्या कुणाला द्या.

तुला हे का लिहिते आहे? तू गेलीस त्या सकाळी आम्ही तुला न्हाऊ घातलं. अंगठे बांधायला मावशीने दोरा घेतला तेव्हा मी तुझे पाय पहिल्यांदा नीट पाहिले. जन्मभर तू लुगड्याच्या निऱ्यांखाली पाय ओढून बसायचीस. मला वाटायचं ती बसायची रीतच आहे. अंगठे आडवे गेलेले, बोटांवर बोटं चढलेली, करंगळी दुमडून तळव्याखाली गेलेली, हाडांवर पिवळे घट्टे. मावशी दोरा गुंडाळत हळूच म्हणाली, "लग्नाआदीं तिचे तुज्यापरस रुंद आशिल्ले." माझ्यापेक्षाही रुंद! मला दया यायला हवी होती. आली नाही. किळस आली, तुझी नव्हे, आपल्या बायकांच्या सोसण्याची, आणि मग तुझीही. तुझ्या पायांतले कधी सैल झाले नव्हते हे तुला रोज कळत होतं, आणि तरी तू मला तेच सांगत राहिलीस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. वाचशील तर म्हणशील, पोरगी जिंकल्याच्या गमजा मारते. तसं नाही गं. अंगठा सुकला, कामही टिकलं, हे खरं. पण डिचोलीच्या त्या दुकानात आतल्या तळावर अनवाणी उभं राहायचं होतं, तेव्हा मी दुकानदाराला वरच्या फळीवरचा एक नको असलेला जोड काढायला सांगितला. तो शिडीवर चढून पाठमोरा झाला, आणि मग मी मोजे काढले.