अंधारात ठेवलेली युग्लिना

आई,

आज वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, युग्लिना बॉटनीच्या पुस्तकात पण आहे, झूलॉजीच्या पण. ती नेमकी आहे काय?" मला एकदम तू दिसलीस, प्रयोगशाळेच्या सिंकपाशी स्लाइड धुणारी. तुला जाऊन दहा वर्षं होतील.

दोन हजार सालचा सुमार. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आणि तू त्याच कॉलेजात लॅब अटेंडंट. दिवाळीच्या सुट्टीत बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यातल्या एकपेशी युग्लिनाची बाटली कपाटात बंद राहिली. सुट्टी संपल्यावर प्रॅक्टिकलच्या सरांनी ती काढली, तर हिरवंगार पाणी पांढुरकं झालेलं. अख्ख्या बॅचसमोर ते तुला बोलले, "कल्चर मारून टाकलं तुम्ही. एवढं ध्यान नाही राहत?" मी जर्नलमध्ये मान घातली. तू एवढंच म्हणालीस, "मेलं नाही जी सर. पाहून तर घ्या."

सरांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "हे दुसरंच काही आहे. हे तर प्राणी आहेत," म्हणाले, आणि बाटली ओतून टाकायला सांगितली. आम्ही सगळ्यांनी जर्नलमध्ये 'रंगहीन प्राणी' असं लिहून टाकलं.

तू ती ओतली नाहीस. तांदळाचे चार दाणे टाकून मागच्या खिडकीत ठेवलीस. आठवड्यानं तू मला हाताला धरून नेतेस, भिंगावर वाकायला लावतेस. तेच लांबट जीव, तोच लाल ठिपका, आणि अंगात हिरवं परत आलेलं. अंधारात खाऊन जगलेला जीव उजेडात पानासारखा झाला होता.

"आई, मग हे झाड का जनावर?"

"लोकं नाव ठेवून राहिले, पोरी. तिले कोणी विचारलं का?"

पुढे शिकवायला लागल्यावर पुस्तकात वाचलं की युग्लिनाला झाड आणि प्राणी दोन्हींतून काढून वेगळ्याच गटात ठेवलंय, आणि आता तो गटही मोडतोय. आठवी शिकलेल्या बाईला जे खिडकीत दिसलं, ते आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं.

आज मुलींना बाटलीची सगळी हकीकत सांगितली. एकीनं विचारलं, "हे कोणी केलं होतं, मॅडम?"

"आमच्या एका मॅडमनं," मी म्हणाले.

हे पान कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. 'माझ्या आईनं' म्हणायला आजही जीभ रेटली नाही.