कपारीतला श्वास

सौंसर,
१२ जानेवारी १९८६

प्रिय वंदू,

इकडे थंडी, संत्री आणि सासू, तिन्ही भरपूर. बाकी खुशाल.

कॉलेजच्या गिर्यारोहण शिबिरात सरांनी आपल्याला त्या अरुंद फटीत कोंबलं होतं आणि तू भोकाड पसरलं होतंस, आठवतं? फटीतून चढायची ती विद्या गेल्या महिन्यात मला सासरी कामी आली.

आमच्या बागेमागच्या टेकडीला एक उभी कपार आहे. खालून शिरायचं, वर देवीपाशी निघायचं. सासूबाई म्हणतात, "साफ असन थे निंगन, पापी असन थे अडकन." दिवाळीला आम्हा दोघी जावांना सारख्याच हिरव्या साड्या घेतल्या होत्या. त्यातली एक, डोक्यावरून पदर घेतलेली, जामसांवलीच्या रस्त्यावर उत्तम नावाच्या व्यापाऱ्याच्या मोटारसायकलवर कोणीतरी पाहिली. कोणाची ते विचारू नकोस. तू मला ओळखतेस.

झालं, दोघींनी कपारीतून जायचं ठरलं. मी आधी गेले. तोंड कोणत्या बाजूला ठेवायचं ते बाहेरच ठरवलं, कारण आत मान वळत नाही. खोल न जाता कडेकडेनं राहिले. कोपर मागच्या भिंतीला, तळवा पुढच्या. श्वास सोडला की छाती बारीक होते, तेव्हा वर सरकायचं. श्वास भरला की अंग आपोआप अडकून राहतं, तेव्हा विसावा. वर निघाले तर बायका माझ्या पाया पडल्या!

माझी धाकटी जाऊ नलिनी गाईसारखी गरीब. घाबरून छाती भरभरून रडली आणि मधेच रुतली. "ताई, मले काढा वो!" म्हणत होती. "श्वास सोड" एवढं सांगितलं असतं तरी सुटली असती. मी हात जोडून देवीचं नाव घेत उभी राहिले. शेवटी गड्यांनी पाय धरून खाली ओढली. त्याच संध्याकाळी तिला पांढुर्ण्याला माहेरी पोचवलं. तीन वर्षांची मीना इथेच ठेवून घेतली.

आता नलिनी बाईसाहेबांनी माहेरून पत्र लिहून पुन्हा एकदा परीक्षा मागितली आहे. निघाली वर, तर तिला घर आणि लेक परत, आणि लोक दुसऱ्या साडीकडे पाहतील. तिलाही आजच लिहिते आहे.

तुझी,
उर्मिला


सौंसर,
१२ जानेवारी १९८६

चि. सौ. नलिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. मीना मजेत आहे. काल मला आई म्हणाली, तर मी तिला रागावले हो.

पौर्णिमेला ये. सासूबाईंना मीच राजी केलं. आता रडू नकोस, मी सांगते तसं कर. कपारीत अगदी आत, खोल जा. शिरण्याआधी छाती भरून श्वास घे आणि वर निघेपर्यंत सोडू नकोस. अडकल्यासारखं वाटलं तर आणखी श्वास भर आणि जोर लाव. या वेळी गड्यांना मी लांब पाठवीन. परपुरुषांनी पाय धरून ओढलं, ते बरं दिसलं नाही.

हिरवीच साडी नेस. तुला शोभते.

मीनाला कडेवर घेऊन मी वर देवीपाशी तुझी वाट पाहीन.

तुझी सख्ख्या बहिणीसारखी,
उर्मिलाताई